ठेवावे की विकावे?

गुंतवणूक कोठे करावी हे सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. विमा एजंट घरी येतो, पोस्टातील बचतीची माहिती शेजारी देतो, बिल्डरांचे फलक तर ठाणे स्टेशनपासून टिटवाळ्यापर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. परंतु जी गुंतवणूक आपण पूर्वीच करून बसलो आहोत तिचे आता काय करावे, हे सांगणारा सहसा कोणी भेटत नाही. बँकेच्या काउंटरवर बसून आम्हाला वारंवार विचारला जाणारा प्रश्न मात्र हाच असतो. "साहेब, काढू की राहू देऊ?" प्रश्न विचारणारा बहुधा निवृत्तीला आलेला किंवा नुकताच निवृत्त झालेला असतो. कोणी रेल्वेतून, कोणी महापालिकेतून, कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून. घरातील पहिलाच पगारदार माणूस, गावाकडे जमीन नाही, वडिलोपार्जित असे काही नाही. जे काही आहे ते तीस-पस्तीस वर्षांच्या पगारातून साठवलेले. अशा माणसाचा निर्णय चुकला तर पुन्हा तेवढे साठवायला त्याच्यापाशी वर्षे उरलेली नसतात. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर ऊहापोह येथे करीत आहोत.

आमच्या अनुभवाने सांगतो, हा प्रश्न विचारणाऱ्या दहापैकी आठ जण पुढचे वाक्य एकच बोलतात: "मी इतक्याला घेतले होते." शेअर दोनशेला घेतला, आता एकशे वीस आहे, दोनशे झाला की विकतो. फ्लॅट अठरा लाखांना घेतला, आता बेचाळीस येत आहेत, म्हणजे फायद्यातच आहे, राहू दे. दोन्ही ठिकाणी माणूस खरेदीच्या किमतीला धरून बसला आहे. परंतु तो शेअर आपण कितीला घेतला हे ना त्या कंपनीला ठाऊक, ना बाजाराला. पुढच्या वर्षी त्याचे काय होणार याच्याशी आपल्या खरेदीच्या पावतीचा सुतराम संबंध नाही. खरेदीची किंमत कर भरताना लागते, बाकी तिचा उपयोग नाही.

मग विचारायचे काय? आम्ही एक साधी युक्ती सांगत असतो. समजा, काल रात्री ती वस्तू आपोआप विकली गेली आणि आज सकाळी तिचे सर्व पैसे, कर व दलाली वजा जाता, आपल्या खात्यात रोख जमा आहेत. आता त्या पैशांतून आपण तीच वस्तू आजच्या भावाने पुन्हा विकत घेऊ काय? उत्तर होय असेल तर ठेवावी. "छे, याच पैशांत मी दुसरे काही केले असते" असे उत्तर आले, तर ती वस्तू आपण केवळ ती आपल्याकडे आहे म्हणून सांभाळत आहोत असे समजावे.

ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण प्रत्यक्षात किती अवघड असते हे पाहण्यासाठी युनिट ट्रस्टच्या यू.एस.६४ योजनेचे उदाहरण घेऊ. आमच्या वडिलांच्या पिढीतील बहुतेक नोकरदारांना ही योजना ठाऊक आहे आणि कित्येकांना ती चांगलीच महागात पडली आहे.

संसदेच्या १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्टची स्थापना झाली आणि १९६४ साली तिची ही पहिली योजना आली. दहा रुपये दर्शनी किमतीचे युनिट. दरवर्षी जुलैच्या सुमारास लाभांश, आणि हवे तेव्हा युनिट ट्रस्टलाच परत विकण्याची सोय. कायद्याने स्थापन झालेली संस्था असल्यामुळे लोक तिला सरकारीच समजत. सुमारे दोन कोटी लोकांचे पैसे तिच्यात होते. यात एक मेख होती. युनिटची खरेदी-विक्रीची किंमत युनिट ट्रस्ट स्वतः ठरवीत असे. तिच्या तिजोरीत असलेल्या शेअर व रोख्यांची बाजारातील किंमत किती, म्हणजे ज्याला आज आपण एन.ए.व्ही. म्हणतो ती, जाहीर होत नसे. सुरुवातीला बराचसा पैसा स्थिर उत्पन्नाच्या कागदांत होता. पुढे शेअरचे प्रमाण वाढत गेले, तरी खातेदार मात्र ती मुदत ठेवीसारखीच वस्तू आहे असे समजत राहिला.

ऑक्टोबर १९९८ मध्ये योजनेची गंगाजळी उणे झाल्याची बातमी आली. म्हणजे लोकांना जेवढे देणे होते तेवढी मालमत्ता तिजोरीत नव्हती. बरीच घबराट झाली. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९९९ च्या प्रारंभी आला. किंमत टप्प्याटप्प्याने एन.ए.व्ही.शी जोडावी असे समितीने सांगितले. सरकारने तिजोरीतील सार्वजनिक उद्योगांचे शेअर वेगळे काढून आधार दिला आणि लाभांशावर तीन वर्षांसाठी करसवलत दिली. वादळ शमले.

आता १९९९ साली एखाद्या खातेदारापाशी दोन हजार युनिटे आहेत अशी कल्पना करा. परत विकल्यास युनिटमागे चौदा रुपयांच्या आसपास मिळत होते, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये. त्या वर्षीचा लाभांश साडेतेरा टक्के जाहीर झाला होता. परंतु तो दहा रुपये दर्शनी किमतीवर, म्हणजे युनिटमागे एक रुपया पस्तीस पैसे. चौदा रुपयांवर तो साडेनऊ टक्क्यांच्या किंचित वर पडतो. करमुक्त साडेनऊ टक्के हे काही वाईट नव्हते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्यांनी ठेवले ते मूर्ख होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मात्र आमचा वरचा प्रश्न त्या खातेदाराने स्वतःला विचारला असता तर तो असा झाला असता: "आज हातात अठ्ठावीस हजार रोख आहेत. तिजोरीत नक्की किती मालमत्ता आहे हे न सांगणाऱ्या आणि नुकतीच गंगाजळी उणे झालेल्या योजनेत मी ते आज नव्याने घालीन काय?" बहुतेकांनी निदान सगळे तरी घातले नसते. परंतु हा प्रश्न विचारला गेला नाही. "आजवर कधी बुडाले नाही" आणि "सरकार आहे ना" या दोन वाक्यांवर लोक स्वस्थ राहिले.

२००१ च्या एप्रिल-मेमध्ये या योजनेतून चार हजार कोटींहून अधिक रक्कम बाहेर पडली. काढणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांचा वाटा फार मोठा होता. चौदा रुपयांच्या वर भाव घेऊन ते बाहेर पडले. आणि २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद केली. पुढे एन.ए.व्ही. जाहीर झाली तेव्हा ती सहा रुपयांपेक्षाही कमी निघाली. सहाची वस्तू चौदाला परत घेतली गेली होती, याचा अर्थ वरचे आठ रुपये मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून गेले. मागे राहिलेल्यांत पेन्शनवर जगणारे होते, विधवा होत्या, मुलीच्या लग्नासाठी युनिटे जपून ठेवणारे होते.

या कथेचा दुसरा भाग कमी लोकांना आठवतो, आणि आमच्या मते शिकण्यासारखे त्यातच अधिक आहे. विक्री बंद झाल्यावर संताप झाला, तेव्हा लहान खातेदारांसाठी एक सोय करण्यात आली. तीन हजार युनिटांपर्यंत ऑगस्ट २००१ पासून दहा रुपयांनी परत विकता येईल आणि ही किंमत महिन्याला सुमारे दहा पैशांनी वाढत मे २००३ पर्यंत बारा रुपये होईल, अशी हमी होती. पुढे ही मर्यादा पाच हजार युनिटांपर्यंत वाढविण्यात आली. आता पुन्हा तोच प्रश्न: काढावे की ठेवावे? रागाच्या भरात अनेकांनी "मिळतात तेवढे पदरात पाडून घ्या" म्हणून दहा-साडेदहाला युनिटे विकून टाकली. हिशेब मांडला असता तर काय दिसले असते? दहा रुपयांवर महिन्याला दहा पैसे म्हणजे महिना एक टक्का, वर्षाला बारा टक्क्यांच्या जवळपास, आणि तेही सरकारच्या हमीवर. त्या वेळी बँकेची मुदत ठेव एवढे देत नव्हती. ज्याला पैशांची तातडीची गरज नव्हती त्याने या वेळी ठेवणेच शहाणपणाचे होते. १९९९ साली विश्वासाने ठेवले आणि २००१ साली रागाने विकले, असे कित्येकांचे झाले. चौदा रुपये गेले हे दुःख खरेच होते, पण २००१ च्या निर्णयात त्या चौदा रुपयांना स्थान नव्हते. समोर दोनच गोष्टी होत्या: आज दहा, अथवा पावणेदोन वर्षांनी बारा.

२००३ साली पुन्हा एक वळण आले. रोख घ्या किंवा त्याऐवजी पाच वर्षांचे, पावणेसात टक्के करमुक्त व्याजाचे, सरकारी हमीचे रोखे घ्या. हे रोखे २००८ मध्ये वेळेवर फेडले गेले. आता कोणी म्हणेल की त्याच पाच वर्षांत सेन्सेक्स तीन हजारांच्या आसपासून वीस हजारांवर गेला, मग रोखे घेणारे फसले. आम्हाला हे मान्य नाही. निर्णयाची पारख त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरून करावी. साठीच्या माणसाने २००३ साली पावणेसात टक्के करमुक्त घेतले यात त्याचे काही चुकले नाही.

भाव पडला म्हणजे विकावे असाही याचा अर्थ नव्हे. जानेवारी १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंडाच्या अर्जांसाठी लोकांनी रांगा लावल्या होत्या. दहा रुपयांचे ते युनिट नंतर बाजारात वर्षानुवर्षे दहाच्या खाली आणि स्वतःच्या एन.ए.व्ही.च्याही खाली विकले जात होते. यू.एस.६४ मध्ये सहाची वस्तू चौदाला घेतली जात होती, येथे उलट प्रकार होता. आत असलेल्या शेअरांची किंमत जाहीर होती आणि बाजार त्याहून कमी देत होता. फंडाची मुदत पंधरा वर्षांची, २००९ पर्यंत होती. ज्यांनी कंटाळून मिळेल त्या भावाला विकले त्यांना २००३ नंतरच्या तेजीचा काहीच लाभ झाला नाही. दोन्ही ठिकाणी पाहण्याची गोष्ट एकच, आत काय आहे आणि त्याचे आज कोण किती देतो.

आता आमच्या रोजच्या कामातील उदाहरण. मुदत ठेव ही सुद्धा गुंतवणूकच, आणि तिच्याबाबतही हा प्रश्न येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला आणि ठेवींचे दर वाढले. ज्यांनी २०२१ मध्ये कमी दराने पाच वर्षांसाठी पैसे अडकवले होते ते विचारू लागले, मोडावी काय? बहुतेक जण "मोडली तर दंड बसतो" म्हणून परत जात. दंड बसतो हे खरे, पण किती? समजा लाख रुपये ५.४० टक्क्यांनी ठेवले आहेत आणि दोन वर्षे झाली. मोडल्यास दोन वर्षांच्या मुदतीचा जो मूळ दर होता, समजा ५.१०, त्यातून एक टक्का कापून ४.१० टक्क्यांनी व्याज मिळेल. म्हणजे वर्षाला तेराशे, दोन वर्षांचे सव्वीसशे रुपये गेले. उरलेल्या तीन वर्षांसाठी ७ टक्के मिळत असतील तर वर्षाला सोळाशे अधिक, तीन वर्षांचे अठ्ठेचाळीसशे. मोडून बावीसशे रुपयांचा फायदा. तीच ठेव संपायला एकच वर्ष उरले असते तर मोडण्यात तोटा होता. प्रत्येक बँकेचे दर व दंड निराळे, तेव्हा आकडे आपल्या पावतीप्रमाणे घालावेत. २०२५ मध्ये दर पुन्हा खाली आले, त्यामुळे ज्यांनी त्या वेळी सात टक्क्यांनी लांब मुदतीची ठेव केली त्यांनी ती आता हात न लावता राहू द्यावी.

आपल्या भागातला खरा जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र दुसऱ्या फ्लॅटचा आहे. राहते घर वेगळे, ते गुंतवणूक नव्हे, त्याचा विचार येथे करू नये. परंतु डोंबिवली, कल्याण, टिटवाळा, बदलापूर येथे एखादी वन रूम किचन "मुलासाठी" म्हणून घेऊन ठेवलेली अनेकांची आहे. मुलगा पुण्याला नोकरीला, खोली भाड्याने. ठेवावी की विकावी?

एक काल्पनिक हिशेब मांडू. २०१० साली अठरा लाखांना घेतलेल्या फ्लॅटचे आज बेचाळीस लाख येत आहेत. भाडे साडेनऊ हजार, वर्षाचे एक लाख चौदा हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च अठरा हजार, घरपट्टी सहा हजार, आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना धरला तर हातात ऐंशी हजारांच्या आसपास उरतात. बेचाळीस लाखांवर हे दोन टक्केही होत नाहीत. "भाडे चांगले येते" असे आपण म्हणतो ते अठरा लाखांच्या मानाने, आणि अठरा लाख हा आकडा कधीच मागे पडला आहे. उरला भाववाढीचा भाग. पंधरा वर्षांत अठराचे बेचाळीस म्हणजे चक्रवाढीने वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. दोन्ही मिळून साडेसात टक्क्यांच्या थोडे वर. वाईट नाही, पण बिल्डरांच्या फलकांवर असते तेवढेही नाही.

येथे रुपयाबद्दलही बोलले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या मूल्याचाच प्रश्न हाती घेतला होता. शंभर वर्षांनी आपण घराच्या हिशेबात नेमके तेच विसरतो. आयकर खात्याचा महागाई निर्देशांक २०१०-११ साठी १६७ आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. त्याप्रमाणे २०१० चे अठरा लाख म्हणजे आजचे साडेचाळीस लाख. घराची किंमत बेचाळीस झाली, तेव्हा पंधरा वर्षांतील खरी वाढ दीड लाखाच्या आसपासच आहे. बाकी सगळा रुपया लहान झाल्याचा परिणाम.

हाच निर्देशांक कर भरतानाही कामी येतो. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के कर आला. पण त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी कर मोजण्याची मुभा निवासी व्यक्तींना आहे. आपल्या उदाहरणात नव्या पद्धतीने चोवीस लाखांवर तीन लाख रुपये कर होतो. जुन्या पद्धतीने दीड लाखावर तीस हजार. उपकर वेगळा. तीन लाख कर लागेल या भीतीने न विकणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांनी एकदा हिशेबनिसाकडे जाऊन कागदावर आकडे मांडून घ्यावेत.

तेव्हा प्रश्न असा: आज बेचाळीस लाख हातात असते तर याच इमारतीत हाच फ्लॅट घेतला असता काय? इमारत पंधरा वर्षे जुनी, पाण्याचा दाब कमी, लिफ्ट सारखी बिघडते असे असेल तर उत्तर एक. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स झालेले आणि पुनर्विकासाची शक्यता असेल तर उत्तर दुसरे.

मात्र कागदच धड नसतील तर भावाचा विचार दुय्यम ठरतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराकडे नोंदविलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि त्यांत कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबे होती. आपल्या फ्लॅटची ओ.सी., मंजूर नकाशा, सातबारा पाहण्याचे काम विकायला निघाल्यावर करू असे म्हणू नये. ठेवण्याच्या निर्णयासाठीही ते तितकेच लागते. आणि कागद खोटे आहेत हे कळल्यावर ते दडवून एखाद्या गरजू कुटुंबाच्या गळ्यात ती खोली मारणे, याला आम्ही विक्री म्हणत नाही. २००१ साली आतली बातमी असणारे निघून गेले आणि भार मागच्यांवर पडला, त्यातलाच तो प्रकार.

सोन्याबद्दल थोडक्यात. अंगावरचा दागिना हा गुंतवणुकीत धरू नये, त्याचा हिशेब भावनेचा आहे. वळी व नाणी असतील तर वरचाच प्रश्न लावावा. ट्रंकेत कागदी शेअर सर्टिफिकिटे असतील तर ठेवू की विकू हे ठरविण्याआधी ती डीमॅट करून घ्यावीत, कारण एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. सात वर्षे लाभांश उचललेला नसेल तर तो लाभांश आणि शेअरही सरकारी निधीत वर्ग होतात. ते अर्ज करून परत मिळतात, पण वेळ फार जातो.

सगळे ठेवणे किंवा सगळे विकणे एवढे दोनच मार्ग आहेत असेही नव्हे. शेअर, युनिटे अर्धी विकता येतात. मन द्विधा असेल आणि दोन वर्षांत मुलीच्या शिक्षणाचे पैसे लागणार असतील, तर तेवढ्यापुरते विकून ठेवीत टाकावे. बाकीच्याचा विचार मग निवांतपणे करता येतो. फ्लॅटची अर्धी खोली मात्र विकता येत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

शेवटी एक व्यवहाराची बाब. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे अलीकडे घेतलेले अनेक फ्लॅट पत्नीच्या नावे आहेत. या सवलतीला सुरुवातीला अशी अट होती की पंधरा वर्षे ते घर पुरुष खरेदीदाराला विकता येणार नाही. ही अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. तरीही जुन्या अटीच्या समजुतीने "आपल्याला विकताच येत नाही" असे सांगणाऱ्या दोन भगिनी आमच्या शाखेत याच वर्षी आल्या होत्या. एकीने हिशेब घातल्यावर खोली ठेवायचे ठरविले. दुसरीच्या खोलीला गिऱ्हाईक लागले असून विसार घेऊन झाला आहे, आणि पैसे आपल्याच खात्यात जमा व्हावेत असे तिने करारात लिहवून घेतले आहे.